निनांगचा फ्लेक्स

३ जून, सोमवार. सकाळी सात, कॉफी झाल्यावर.

आजपासून रोजनिशी. मी बोलणार, कानोर लिहिणार. कानोर समोरच्या घरातला. चाळीस वर्षं जीपन्यांवर, म्हणजे आमच्या प्रवासी जीपगाड्यांवर, नावं आणि देवांची चित्रं रंगवली त्यानं, त्यामुळे अक्षर झोकदार. मोबदला रोज एक कप कॉफी आणि दोन पाव. तीन मागत होता. दोनच.

कारण मोठं आहे. आत्ता रेडिओवर सांगितलं, मुलांच्या हक्कांचं आणि कल्याणाचं जे राष्ट्रीय कार्यालय आहे मनिलात, त्याची नवी प्रमुख म्हणून अ‍ॅडव्होकेट विदा माग्बानुआ हिची नेमणूक झाली. विदा! माझी धर्मलेक! बाप्तिस्म्याला तिला हातात घेऊन कोण उभं होतं? मी. फादरनी डोक्यावर पाणी घातल्यावर तिनं कुणाचा नवा ब्लाउज भिजवला? माझा. निनांग म्हणजे दुसरी आई. पहिली, तिची सख्खी आई, माझी कुमारे इसिंग, सहा वर्षांपूर्वी गेली. म्हणजे आता पहिला नंबर माझा.

गल्ली मला आते म्हणते, म्हणजे ताई. कानोर म्हणाला, आते चोलेंग, तिला तुमची आठवण असेल का? मी म्हटलं, सोळा ख्रिसमस तिच्या पायातले बूट मी माझ्या हातानं शिवलेत. मारिकिना बुटांचं गाव, इथल्या माणसाला आठवण पायापासून असते.

आता कामाचं. हे वहीत पडलं की कुलपात पडलं, म्हणून सांगते.

लिगायाचा जन्मदाखला खोटा आहे. ती मला लोला म्हणते, म्हणजे आजी. नऊ वर्षांपूर्वी माळ्यावर ओर्लिंदा नावाची पोरगी भाड्यानं राहत होती. समार बेटावरची, बुटांचे तळवे चिकटवायच्या कामाला. बाळ झालं, तीच लिगाया. अकराव्या दिवशी दुधाचा डबा आणते म्हणून गेली. अजून डबा आलेला नाही. मी काय करणार होते? सुईणीला सांगितलं, आईच्या जागी माझ्या मुलीचं, मेर्लिताचं नाव घाल. घातलं. एक छोटीशी सोय. आपल्याकडे कितीतरी घरांत केलीय लोकांनी. फक्त मेर्लिता तेव्हा कुवेतमध्ये दुसऱ्यांची मुलं सांभाळत होती, आणि तिच्या पासपोर्टावर तसे शिक्केही आहेत.

आता मेर्लिता कॅनडाला जायचे कागद भरतेय. तिथं म्हणे, मुलं किती, ते लिहावं लागतं. ती म्हणते, माझं नाव काढ. नाव काढलं तर लिगाया कुणाची? सरकारची? खरं सांगून अर्ज केला तर माफी मिळते असं म्हणतात, पण मग सरकारी बाई येणार, चौकशी करणार, आणि पोर माझ्याकडे ठेवायची की संस्थेत न्यायची ते तीच ठरवणार. मला नको तो खेळ.

विदा एका फोनवर काम करेल. कशाला अर्ज?

लिगायाला यातलं काहीही माहीत नाही आणि कळणारही नाही. वही तांदळाच्या डब्यावर ठेवायची. घरात वाचणारं कोण आहे? लिगाया वाचते, पण ती शाळेची पुस्तकं.

४ जून, मंगळवार.

फ्लेक्स लावायचा ठरवलं. अभिनंदनाचा, गल्लीच्या तोंडाशी. पोरगी बोर्डात आली, पोरगा नर्स झाला तरी लोक लावतात. इथं तर अख्ख्या देशाची मुलं हातात आलीत.

कानोरला राग आला. म्हणाला, छापील कशाला, मी रंगवतो. मी म्हटलं, तुझा हात थरथरतो, तिचा चेहरा माझ्यासारखा येईल. तो म्हणाला, मग तर तुम्हाला आवडेलच. हे लिहू नकोस म्हटलं तरी लिहिलं.

७ जून, शुक्रवार.

फ्लेक्स लागला! आठ फूट. विदाचा फोटो इंटरनेटवरून काढला, तो जरा धुरकट आला. माझा साठाव्या वाढदिवसाचा, केस कुरळे केलेले, तो स्वच्छ आला. दुकानातल्या पोरीनं विचारलं होतं, कुणाचा मोठा ठेवू. मी म्हटलं, जो स्पष्ट आहे तो. खाली लाल अक्षरात: तुझी अभिमानी निनांग, चोलेंग.

लोक म्हणतात, वाटतंय नेमणूक तुमचीच झाली. म्हणोत. वॉर्डाचा निवडून आलेला कॅप्टन येऊन फणफणला की जत्रेचा त्याचा फ्लेक्स माझ्याआड गेला. मी म्हटलं, तू दर वर्षी असतोस, विदा आत्ताच झालीय.

लिगाया बराच वेळ खाली उभी राहून बघत होती. म्हणाली, लोला, तुला इतकं हसताना मी कधी पाहिलं नाही. मी म्हटलं, फोटोत हसावं लागतं.

१० जून, सोमवार. संध्याकाळ.

भेटून आले! केळीच्या पानात वाफवलेले चिकट भाताचे सुमान घेऊन गेले होते, तीस. गेटवरच्या शिपायानं सहा खाल्ले, मग आत सोडलं.

विदानं उठून माझा हात कपाळाला लावला, वडीलधाऱ्यांना लावतात तसा. सगळ्या ऑफिससमोर. पायात परदेशी बूट होते, टाचेला शिवण नाही, नुसतं चिकटवलेलं. काही बोलले नाही. उपकार काढायचे नसतात. फक्त एवढंच म्हटलं की तुझ्या पहिल्या बुटांचा साचा अजून माझ्याकडे आहे.

दहा मिनिटं दिली होती, बावीस मिनिटं ऐकलं. सगळं सांगितलं. ओर्लिंदा, दुधाचा डबा, सुईण, मेर्लिता. मुलीचं नाव तेवढं सांगितलं नाही. आपणही काही कमी नाही. विदा कागदावर लिहीत होती. मधे म्हणाली, निनांग, असं किती घरांत असेल गं? मी म्हटलं, आमच्याच गल्लीत तीन. तिनं तेही लिहून घेतलं. किती तळमळ!

निघताना तिनं मला सरकारी मोहोर असलेला एक कागद दिला. म्हणाली, निनांग, हा नीट भर, वेळ घालवू नकोस. गोड पोरगी. भेट म्हणूनच दिला असणार, माझे सुमान घेतले ना, रिकाम्या हातानं कशी पाठवेल.

काम झालं.

११ जून, मंगळवार.

मोहोरवाला कागद बाळ येशूच्या मूर्तीखाली ठेवला. छान दिसतो.

कानोर म्हणतो, आते, हा अर्ज आहे. खोटा जन्मदाखला दुरुस्त करून मूल रीतसर आपलं करण्याचा. मी म्हटलं, तू जीपन्यांच्या पाट्या वाचलेल्या, सरकारी कागद तुला काय कळणार. साहेब लोक देतात असं काहीतरी हातात. दाखवण्यापुरतं. फोन आतून होतो.

कानोर म्हणाला, बरं. त्याचं बरं मला आवडत नाही.

१४ जून, शुक्रवार.

मेर्लिताचा आवाजातला निरोप आला, चार मिनिटांचा. रडत होती की चिडली होती, कळेना. म्हणते, आई, तेवीस वर्षं मी परक्यांची मुलं वाढवली, मला एकही झालं नाही, आणि कागदावर एक आहे. ते मला तू नाही सांगितलंस, वकिलानं सांगितलं. शेवटी म्हणाली, महिनाअखेरपर्यंत तू सरकारला खरं नाही सांगितलंस तर मी सांगणार.

पोटची पोर. तिला रात्री उठून पाजलं त्याचं हे.

विदा बघेल. विदा आहे.

१७ जून, सोमवार.

फोन नाही. नवीन खुर्ची आहे, बसायला वेळ लागतो.

दुपारी मीच केला. सेक्रेटरी म्हणाली, नानाय, मॅडम मीटिंगमध्ये आहेत. नानाय! बाजारात भाजीवाली कुठल्याही म्हातारीला म्हणते तशी. मी म्हटलं, मी नानाय नाही, मी निनांग आहे. ती म्हणाली, हो नानाय.

निश्चय: आता फोन करायचा नाही. तिनंच करावा.

संध्याकाळी परत केला. मीटिंग.

१९ जून, बुधवार. सकाळी साडेनऊ.

रेडिओवर विदाचं पहिलं मोठं भाषण. सगळ्यांना बोलावलं होतं ऐकायला. मासे विकणारी क्लारिंग, कॅप्टनची बायको, कानोर. लिगायाला सुट्टी, ती पायरीवर. सगळ्यांना कॉफी.

विदा म्हणाली, खोटी आई लावलेले दाखले या देशात घराघरात आहेत, मी आल्यावर पहिलं काम हेच. मी मान डोलावली. मग म्हणाली, माझ्याच गावातली, मला अगदी जवळची एक म्हातारी गेल्या आठवड्यात मला भेटली. भाडेकरू पोरगी दुधाचा डबा आणायला गेली ती आलीच नाही. म्हातारीनं परदेशातल्या मुलीचं नाव आई म्हणून लावलं. प्रेमानं लावलं, पण त्या मुलाला त्याची गोष्ट कोण सांगणार? अशा लोकांसाठी अर्जाची खिडकी उघडी आहे, रांग एकच, ओळख चालणार नाही, माझीसुद्धा.

रेडिओ बंद केला. परत लावला. परत बंद केला.

नाव घेतलं नाही तिनं. खरंच नाही घेतलं. पण क्लारिंगनं पायरीवरून गल्लीच्या तोंडाकडे बघितलं. सगळ्यांनी बघितलं. आठ फूट. अभिमानी निनांग. हसरी.

कॉफी कुणी संपवली नाही. लिगाया पायरीवर नव्हती.

त्याच दिवशी, दुपारी.

लिगाया क्लारिंगच्या घरी सापडली, तिच्या नातीबरोबर दोरीवरच्या उड्या मारत होती. मला काही विचारलं नाही. लहान आहे, कळलं नसणार. मुलं भाषणं ऐकत नाहीत.

२० जून, गुरुवार.

फ्लेक्स काढला. कानोर शिडीवर, मी खालून ओरडतेय. कॅप्टन बघत उभा, हात कमरेवर. म्हणाला, आते, आता माझा दिसतो. मी म्हटलं, दिसू दे, दुर्दैव गावाचं.

गुंडाळून पलंगाखाली टाकला. माझा चेहरा वरच्या बाजूला आला. उलटा केला.

माझ्या हातावर वाढलेली पोर! सुमान खाऊन गेली माझे. दुधाच्या डब्याची गोष्ट वहीबाहेर मी फक्त तिला सांगितली होती, फादरलासुद्धा अर्धीच सांगितली होती, आणि तिनं ती देशाला वाटली. तिच्या बुटांचा साचा आज चुलीत घालणार होते. लाकूड चांगलं आहे. उद्या घालीन.

२२ जून, शनिवार.

नगरपालिकेची बाई आली, गल्लीतल्या दाखल्यांची चौकशी करायला. मिस आब्रेनिका. मनात म्हटलं, आली न्यायला.

लिगायाला आधीच पढवून ठेवलं होतं: कुणी विचारलं तर सांगायचं, आई कॅनडाला जाणार आहे, फार प्रेम करते, दर रविवारी बोलते. लिगाया हो म्हणाली. फार समजूतदार पोर.

बाईचे बूट बघितले. टाच बाहेरून झिजलेली, शिवण दोनदा दुरुस्त केलेली. पायी फिरणारी बाई. अशा लोकांशी खोटं बोलणं अवघड जातं. तरी मी बोलले, वीस मिनिटं, छान बोलले.

मग बाईनं लिगायाला विचारलं, तुला तुझ्या आईबद्दल काय माहितीये? लिगाया म्हणाली, ती समारची होती, तळवे चिकटवायची, मी अकरा दिवसांची होते. दुसरी जी आहे ती कागदावरची आहे, तिला मी कधी भेटले नाही, तिचा राग नाही.

मी उठले आणि सुमान आणायला आत गेले. सुमान नव्हते. नुसतीच उभी राहिले.

रेडिओवरूनच कळलं असणार. सगळं विदामुळे.

२५ जून, मंगळवार.

विदानं फोन उचलला! स्वतः.

जे बोलायचं ते सगळं बोलले. बाप्तिस्मा, ब्लाउज, सोळा जोड बूट, आईच्या प्रेतापाशी तिला कुणी धरलं होतं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, निनांग, तुझं नाव मी घेतलं नाही. फ्लेक्स कुणी लावला?

मी रेडिओवरची धूळ पदरानं पुसली.

म्हणाली, मी एका फोननं तुझं काम केलं असतं, तर उद्या दुसरी कुणी येऊन दुसऱ्या फोननं तेच उलटं केलं असतं. मग पोर कुणाची राहिली असती? अर्ज दिलाय तुला. त्याच दिवशी दिलाय. माझा जीव तुटतोय म्हणून सांगते, तो भर.

मी म्हटलं, तुझ्या टाचा चिकटवलेल्या आहेत, सहा महिन्यांत सुटतील. आणि फोन ठेवला. जिंकल्यासारखं वाटलं साधारण चहा उकळेपर्यंत.

२७ जून, गुरुवार.

कानोरला सांगितलं, मागचं वाचून दाखव. मीच म्हटलं होतं ना की विदा दगा देईल? पहिल्या दिवसापासून मला संशय होता, ते कुठे लिहिलंय ते काढ.

कानोरनं पानं चाळली. खोकला. म्हणाला, तसं काही लिहिलेलं नाही, आते.

मग नीट वाच. पहिलं पान. तो वाचायला लागला, आणि एका ठिकाणी थांबला. मी म्हटलं, काय झालं, तुझंच अक्षर तुला लागेना? म्हणाला, हे माझं नाही.

वहीच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलेलं आहे. बारीक, शाळेच्या अक्षरात. जिथं मी सांगितलंय की लिगायाला यातलं काहीही माहीत नाही, तिथं शेजारी: माहीत आहे.

सुईणीच्या ओळीशेजारी: क्लारिंगच्या नातीचंही असंच आहे का?

फ्लेक्सच्या पानावर: लोला फोटोत खोटं हसते, घरात खरं.

दुधाच्या डब्याशेजारी काही लिहिलेलं नाही. कानोर म्हणतो, तिथं खोडलेलं आहे, बरंच. कागद पातळ झालाय.

विचारलं, तू कधी बघितलंस हे? तो पाव मोडत बसला. मग म्हणाला, सहा तारखेला. फ्लेक्स लागायच्या आधी. मी म्हटलं, आणि मला सांगितलं नाहीस? म्हणाला, आते, पोरीनं पेन्सिलीनं लिहिलंय, तुम्हाला सांगायचं असतं तर तिनं तोंडानं सांगितलं असतं.

म्हणजे मेर्लिता, विदा, कानोर, सगळे. तीस वर्षांपासूनचा शेजारी, माझ्या कॉफीवर. आजपासून एकच पाव.

आणि मी कुलूप म्हणून ज्या वहीवर बसले होते, तिची किल्ली पहिलीपासून शाळेत जात होती.

२८ जून, शुक्रवार.

लिगायाला विचारलं, वाचत होतीस? हो म्हणाली. भाताचं भांडं घासत होती, मागे न वळता. म्हणाली, तू कधी सांगतेस त्याची वाट बघत होते. रोज नवीन पानावर बघायचे, आज सांगायचं ठरवलंय का. तू रोज दुसऱ्याच कुणावर तरी रागावलेली असायचीस.

मी तिनं घासलेली भांडी पुसत बसले. साठ वर्षं गल्लीत कुणी मला गप्प केलेलं नाही.

मूर्तीखालचा कागद काढला. कॉफीच्या कपाचा गोल डाग पडलाय, बरोबर मोहोरेवर. मेर्लिताला निरोप पाठवला: आई सोमवारी जातेय खरं सांगायला. उत्तर आलं, दोन सेकंदांचं. नुसता श्वास आणि हं.

१ जुलै, सोमवार. घरी आल्यावर.

पहाटे साडेपाचला विदाच्या ऑफिसला निघालो, मी आणि लिगाया. नंबर त्र्याहत्तर.

दहाच्या सुमाराला विदा चार-पाच माणसांबरोबर कॉरिडॉरमधून आली. मला बघून थांबली. माझा हात कपाळाला लावला. अख्खी रांग बघायला लागली. मला वाटलं, आता. आता म्हणेल, माझ्या निनांगला आत घ्या. ती म्हणाली, कितवा नंबर? त्र्याहत्तर, म्हटलं. म्हणाली, बसायला खुर्ची मिळाली ना? मिळाली, म्हटलं. मग लिगायापुढे वाकून तिच्याशी हळू काहीतरी बोलली आणि गेली. पायात तेच बूट. डाव्याची टाच सुटायला लागलीय. आनंद व्हायला हवा होता.

खिडकीमागच्या बाईचे बूट दिसत नव्हते. माणूस ओळखायचा कसा? तिनं एकेक विचारलं, मी एकेक खरं सांगितलं. वाटलं होतं तेवढा वेळ लागला नाही. खोटं सांगायला जास्त लागतो. अर्ज घेतला, डागासकट. चौकशी होईल, मिस आब्रेनिका पुन्हा पुन्हा येईल, निकालाला कितीतरी महिने जातील. तोवर लिगाया माझ्याकडे. पुढचं कुणी छातीठोकपणे सांगत नाही. मीही विचारलं नाही.

एक जागा रिकामी राहिली होती. मुलाशी नातं काय. बाईनं विचारलं आणि माझ्या तोंडून शब्द निघेना. लोला म्हणावं तर ते कागदावरच्या आईमुळे, आणि ती आई तर आत्ताच खोडली. बाई म्हणाली, नानाय, मागे रांग आहे.

लिगायानं खिडकीतला पेन ओढून घेतला. बाई म्हणाली, अगं, मोठ्यांनी भरायचं असतं. लिगाया म्हणाली, मोठ्यांना लिहिता येत नाही. आणि लिहिलं. कानोर म्हणतो ती जागा एका शब्दापुरतीच असते. तिनं बराच वेळ लिहिलं.

बाईनं वाचलं. लिगायाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाली, इथे अंगठा.

मी म्हटलं, काय लिहिलंय ते तरी सांगा. म्हणाली, मुलीनं लिहिलंय, मुलीला विचारा. अंगठा दिला. शिक्का बसला.

येताना जीपनीत विचारलं. लिगाया खिडकीबाहेर बघत म्हणाली, तू मला नऊ वर्षं सांगितलं नाहीस, लोला. मी तुला शुक्रवारपर्यंत सांगणार नाही.

आज सोमवार आहे.

कानोर, पुरे. वही तिथंच ठेव, तांदळाच्या डब्यावर. हो, उघडीच. आणि तिची पेन्सिल बघ कुठे आहे ती, टोक करून शेजारी ठेव.